कॅनरीच्या बाकावर कोण बसणार?

वर्गात नवीन मूल आलं की बाई काय करतात? आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवतात! कोण शांत, कोण भांडकुदळ, कोण शेजाऱ्याच्या डब्यात हात घालतो, त्यांना सगळं ठाऊक असतं. मग म्हणतात, "तू तिथं बस हं."

आज बाई तू!

वर्ग कुठला? समज, सिंधुदुर्गातल्या बांदा गावात एका घराच्या पडवीला लागून जाळीचं मोठं पक्षीघर आहे. माणूस आत उभा राहील एवढं उंच. आणि नवीन मूल म्हणजे पिवळीधमक कॅनरी! तिच्या शेजारी कोणाला बसवशील?

थांब, घाई नको. आधी तिची ओळख करून घेऊ.

कॅनरी आपल्या चिमणीपेक्षा जरा लहान. वजन साधारण २० ग्रॅम. गाव मात्र फार फार लांब! आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात कॅनरी बेटं, मदेरा आणि अझोर्स बेटं आहेत. तिथली ही राहणारी. साधारण ५०० वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि तिथून ती जगभर पोचली.

आणि गंमत ऐक! रानातली कॅनरी पिवळीधमक नसतेच! ती असते हिरवट पिवळी, पाठीवर तपकिरी रेघा. गवतात बसली तर दिसायचीसुद्धा नाही. माणसांनी पिढ्यान् पिढ्या जास्त पिवळी पिल्लं निवडली, त्यांचीच जोडी लावली, आणि हळूहळू हा हळदीसारखा रंग आला.

तर आता पहिला प्रश्न. कॅनरीच्या शेजारी दुसरी कॅनरी बसवायची का?

सोपं वाटतं ना? एकाच जातीचे दोघं, मजेत राहतील! पण दोघंही नर असले तर? अरे बापरे! पिसं ओढणं, चोचीने टोचणं, डोक्यावर झेप घेणं. विणीचा हंगाम असेल तर विचारूच नकोस. दोन मॉनिटर एकाच बाकावर बसवल्यासारखं होतं!

असं का होतं? याचं उत्तर त्याच्या गाण्यात आहे.

नर कॅनरी गातो ते आपल्याला खूश करायला नाही. तो सांगत असतो, "ही जागा माझी! दुसऱ्या नराने इकडे फिरकू नये. आणि मादीबाई, तुम्ही जरूर या!" माद्या बहुतेक वेळा साधं चिवचिवतात. लांबलचक गाणं हे नराचं काम. आता ज्याचं गाणंच "ही जागा माझी" असं सांगतं, त्याला त्याच जागेत आणखी एक गाणारा कसा चालेल?

मला विचारशील तर एका पक्षीघरात एकच नर ठेवावा. सोबत एक-दोन माद्या. घर मोठं असेल तर नुसत्या माद्यांचा घोळकाही छान राहतो.

गाण्याचा विषय निघालाच आहे, तर जरा इथंच बसू या. कारण कॅनरीचं गाणं ही जगातली एक भन्नाट गोष्ट आहे!

आपलं स्वरयंत्र कुठं असतं? गळ्यात, वरच्या बाजूला. बोलताना हात लावून बघ, थरथरतं. पक्ष्यांचं मात्र खूप खाली, छातीजवळ असतं. श्वासनळीचे दोन फाटे फुटतात ना, बरोब्बर तिथं. आणि नर कॅनरी गाताना सूर तोडतच नाही! मग तो श्वास कधी घेतो? ओळख बघू!

तो दोन सुरांच्या मधल्या फटीत इवलासा श्वास घेतो. जलद ताना घेताना एका सेकंदात २५ वेळा तरी! तू "एक" म्हणेपर्यंत त्याचे २५ श्वास आणि २५ सूर झालेसुद्धा.

याहून मोठं आश्चर्य त्याच्या डोक्यात आहे. अमेरिकेत फर्नांडो नॉटेबोम नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना दिसलं, की कॅनरीच्या मेंदूतला गाण्याचा भाग वसंतात मोठा होतो आणि गाण्याचा हंगाम संपला की लहान! हे त्यांनी १९८१ मध्ये जगाला सांगितलं. मग १९८३ मध्ये स्टीव्हन गोल्डमन आणि त्यांनी मिळून आणखी एक शोध लावला. मोठ्या झालेल्या कॅनरीच्या मेंदूत चक्क नव्या पेशी तयार होतात!

तुला वाटेल, त्यात काय एवढं? अरे, तोपर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ म्हणायचे, की पक्षी असो की माणूस, मोठं झाल्यावर मेंदूत नवी पेशी बनत नाही. विषय संपला! आणि २० ग्रॅमच्या पाखराने तो विषय पुन्हा उघडायला लावला. दरवर्षी नर कॅनरी काही जुन्या ताना सोडून देतो आणि नव्या बसवतो. जणू जूनमध्ये नवी कोरी वही!

आता हे तुझ्या बाक लावण्याच्या कामाला कसं उपयोगी? असं, की कॅनरीचं पिल्लू गाणं ऐकून ऐकून शिकतं. म्हणून शेजारी कोण आहे याला फार महत्त्व! युरोपात बुलफिंच नावाचा एक पक्षी असतो. त्याच्या एका पिल्लाला कॅनरीने वाढवलं. आणि मोठं झाल्यावर ते काय गायला लागलं? कॅनरीचं गाणं! शेजाऱ्याचा आवाज असा अंगात मुरतो.

चल, दुसरा उमेदवार बोलवू. हिरवा-पिवळा, अंगावर लाटालाटांच्या रेघा, गालांवर ठिपके. हा बजरीगर. आपल्याकडे दुकानात याला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात. हा ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. खेळकर, गोड, बडबड्या.

बसवायचा का कॅनरीशेजारी?

घाईघाईने हो म्हणू नकोस! त्याची चोच बघ. खाली वाकलेली, आकड्यासारखी. ती कायम काहीतरी कुरतडत असते. दांडी कुरतड, जाळी कुरतड, आणि शेजाऱ्याचा पाय दिसला की तोही कुरतड! त्याला वाटतं खेळ चाललाय. पण कॅनरीची बोटं किती नाजूक! तिची चोच सरळ, टोकदार. तिने टोचलं तर बजरीगरला काहीच वाटत नाही. त्याने चावलं तर तिचं बोट जाऊ शकतं. मस्तीखोर आहे, वाईट नाही, पण त्याचं बाक वेगळंच हवं. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. तो तर याहून तापट!

आणि तो तुरेवाला कॉकॅटिएल? स्वभावाने शांत आहे खरा. पण त्याच्या पिसांतून सतत पांढरी पूड झडते, खडूच्या धुळीसारखी. आता पक्ष्यांचा श्वास कसा चालतो माहीत आहे? त्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. आत जाताना ताजी, बाहेर येतानाही ताजी! त्यामुळे उडायला भरपूर प्राणवायू मिळतो. पण हवेत काही वाईट असेल तर तेही तितक्याच वेगाने आत जातं. म्हणून कॉकॅटिएलचंही बाक वेगळंच!

म्हणूनच ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत कामगार कॅनरी घेऊन उतरायचे. विषारी वायू पसरला की आधी कॅनरीला भोवळ यायची आणि माणसं धावत बाहेर पडायची. १९८६ मध्ये यंत्रं आली आणि कॅनरींना या कामातून कायमची सुट्टी मिळाली. बरं झालं बाई!

तेव्हा पक्षीघर चुलीच्या धुराजवळ नको. स्वयंपाकघराजवळही नको. न चिकटणारा तवा रिकामाच फार तापला तर त्यातून निघणारा वायू पाखरांचा जीव घेऊ शकतो.

आता खरे दोस्त!

हा बघ झेब्रा फिंच. चोच लालभडक, नराच्या गालावर केशरी ठिपका, छातीवर काळ्या-पांढऱ्या रेघा. आवाज कसा? खेळण्यातल्या छोट्या भोंग्यासारखा, "मीप! मीप!" हाही ऑस्ट्रेलियाचा, आणि कॅनरीहूनही हलका. त्याला घोळका आवडतो. कॅनरीशी सहसा त्याचं पटतं. खोड एकच, घरटं बांधायचं वेड! काड्या, दोरे, कापूस, काय मिळेल ते उचलतो. काहीच नाही मिळालं तर शेजारणीच्या अंगावरचं पीसच उपटतो! त्याला वाळलेलं गवत भरपूर दिलं की प्रश्न मिटतो.

पण सगळ्यांत गुणी मूल कोण सांगू? बेंगालीज फिंच! काही लोक त्याला सोसायटी फिंच म्हणतात. भांडण नाही, तंटा नाही. रात्री सगळे एकमेकांना चिकटून एकाच घरट्यात झोपतात. दुसऱ्या जातीच्या पक्ष्याची अंडीसुद्धा प्रेमाने उबवतात! कॅनरीच्या बाकावर याला डोळे झाकून बसव.

हा इतका शहाणा कुठून आला?

जपानमधून! तिथल्या लोकांनी साधारण २५० वर्षं याला घरात पाळलं, वाढवलं. रानात बेंगालीज फिंच नावाचा पक्षी कुठंच नाही. मग त्याचे पूर्वज कोण?

पांढऱ्या पाठीची मनोली!

अरे, म्हणजे आपल्याच कोकणातला पक्षी! पावसाळा संपता संपता बांद्याच्या आसपास भाताच्या मळ्यांच्या कडेला बघ. गवताच्या तुऱ्याला लोंबकळणारी छोटी काळपट पाखरं दिसतील. शेपूट टोकदार, चोच जाडसर. ती उडाली की पाठीवर पांढरा चौकोन लख्ख चमकतो. तीच ही! तिची जात चीनपर्यंत पसरलेली आहे. तिकडची पाखरं जपानला गेली आणि त्यांच्या वंशजांचा झाला बेंगालीज फिंच.

आणखी गंमत! काझुओ ओकानोया नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी दोघांची गाणी तपासली. रानातल्या मनोलीचं गाणं साधंसरळ, ठरलेलं. घरात वाढलेल्या फिंचचं मात्र वळणावळणाचं!

आता तुझ्या मनात आलं असेल, "मग मळ्यातली मनोलीच आणू की!"

नाही हं! मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. आपल्या रानातला पक्षी पकडायचा नाही आणि पिंजऱ्यात ठेवायचा नाही. १९९१ पासून तर त्यांचा व्यापारही पूर्ण बंद आहे. मनोली नाही, मैना नाही, आणि आजीच्या लहानपणी घरोघरी दिसणारा हिरवा राघूसुद्धा नाही! बाजारात कोणी हिरवी, गुलाबी, जांभळी "परदेशी चिमणी" दाखवली तर सावध हो. मनोलीला रंगवून विकणारे लोक असतात. पाण्याने रंग जातो आणि खाली आपली बिचारी मनोली दिसते.

रानातली पाखरं का जपायची, तेही सांगते. लाल रंगाची कॅनरी असते, माहीत आहे? १९२० च्या दशकात युरोपात लोकांनी कॅनरीची जोडी दक्षिण अमेरिकेतल्या रेड सिस्किन नावाच्या लाल पाखराशी लावली आणि लाल कॅनरी तयार झाली. सगळ्यांना ती हवीहवीशी वाटली. त्यासाठी रानातली लाल पाखरं इतकी पकडली, इतकी पकडली, की आज रेड सिस्किन जगातून नाहीसा व्हायच्या बेतात आहे. फार वाईट वाटतं मला याचं.

चल, पुन्हा वर्गात जाऊ. बाक भरलं, पण खाली फरशी रिकामीच! तिथं कोण?

डायमंड डव्ह! हे इवलंसं कबूतर. राखाडी अंग, डोळ्याभोवती लाल कडं, पंखांवर पांढरे ठिपके. हेही ऑस्ट्रेलियाचं. याचा बराचसा वेळ जमिनीवर तुरुतुरु चालण्यात जातो. कॅनरीला दांडी हवी, याला फरशी. भांडायला कारणच नाही!

आता एक काम कर. पाण्याच्या भांड्याजवळ गुपचूप बस आणि पाणी पिताना सगळ्यांना बघ. कॅनरी चोच बुडवते, पाणी घेते आणि मान वर करते. मगच ते घशाखाली उतरतं. पुन्हा बुडव, पुन्हा मान वर. कबूतर मात्र चोच पाण्यात ठेवूनच ओढून पितं, मान वर न करता! आणि झेब्रा फिंच? तोसुद्धा मान खाली ठेवूनच पितो. कोरड्या ऑस्ट्रेलियात पाणी कमी. डबक्यावर फार वेळ थांबलं की ससाणा झडप घालणार. पटकन प्यायचं आणि पळायचं!

कबुतरांची आणखी एक गोष्ट सांगू? ती पिल्लांना दूध पाजतात! गाईसारखं नव्हे. गळ्यातल्या पिशवीच्या आत दह्यासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. आणि तो फक्त आईच्या नाही, बाबांच्या गळ्यातही!

आता डबे उघडू. प्रत्येकाचा डबा वेगळा. कॅनरीला कॅनरीचंच बी, मोहरीच्या कुळातलं बारीक बी, आणि आवडीचं काय? कारळे! हो, ज्याची चटणी तू भाकरीबरोबर खातोस तेच. पण कारळ्यात तेल खूप, म्हणून चिमूटभरच. झेब्रा फिंचला राळा आणि बाजरी. सगळ्यांना एकाच भांड्यात वाढलं तर दांडगा पक्षी आपल्याला हवं ते वेचतो आणि लाजरा उपाशी राहतो. म्हणून भांडी दोन-तीन, आणि तीही एकमेकांपासून लांब. धुतलेली कोथिंबीर, पालक सगळ्यांना चालतो. अव्होकॅडो मात्र कोणालाच नाही. पाखरांना ते विष आहे!

भांडं भरलेलं दिसतंय, म्हणून निश्चिंत झालास? वाकून बघ. हळूच फुंकर मार. भुर्रर्र! सगळी टरफलं उडाली आणि खाली एकही दाणा नाही! कॅनरी दाणा चोचीत फिरवते, टरफल सोलते आणि ते भांड्यातच टाकते. वरून भांडं भरलेलं, आतून रिकामं. अशाने पाखरं उपाशी राहिलेली आहेत. रोज सकाळी फुंकर मारायचीच.

जागेवरूनही भांडणं होतात बरं का! सगळ्यांना सगळ्यांत उंच बसायचं असतं. वर एकच दांडी असेल तर सुरू, "वयली दांडी माझी!" "नाय, माझी!" म्हणून वर सारख्या उंचीच्या दोन-चार दांड्या हव्यात. घरटी जोड्यांपेक्षा जास्त हवीत. आणि पाण्याच्या भांड्याच्या बरोबर वर दांडी नको. का? वर बसलेला पक्षी शी करेल आणि ती कुठं पडेल?

ई! कळलं ना?

नवा पक्षी आणला की तो पहिल्या दिवशीच वर्गात नाही. महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत. त्याला काही आजार असेल तर तोवर कळतो. मग काही दिवस त्याचा पिंजरा पक्षीघराच्या शेजारी, म्हणजे आधी नुसतीच तोंडओळख. पिसं झडायच्या दिवसांत तर ओळखी नकोच. तेव्हा कॅनरी गाणं बंद करते आणि एका कोपऱ्यात गप्प बसते. सगळी ताकद नवी पिसं आणण्यात जाते.

आणि आपला पाऊस! सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेरेखोल नदी फुगते, भिंतींना ओल येते, पापडसुद्धा मऊ पडतो. मग दाण्यांचं काय होणार? बुरशी! ती पाखरांना फार घातक. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. डासही येतात. डास चावून कॅनरींना देवीसारखा एक आजार होतो, म्हणून जाळीवर मच्छरदाणी हवी. जाळीची भोकं बारीक हवीत, नाहीतर उंदीर आत, आणि उंदरामागून धामण!

पण एक सांग. बाई नसतील तेव्हा पाखरं आपापले शेजारी कसे निवडत असतील?

ते बघायला पिंजरा नको. बांद्याहून दोडामार्गाकडे निघ. पुढे तिलारीचं रान लागतं. २०२० मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तिथं सकाळी उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही. आणि अचानक झाडं पाखरांनी भरून जातात! शेंड्यावर लाल-केशरी निखार. खोडावर सुतार. त्याच खोडावरून डोकं खाली करून उतरणारी निळी शिलिंध्री. मधल्या फांद्यांवर लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक. खाली झुडपांत सातभाईंची कुजबुज. सगळे एकत्र पुढे पुढे सरकतात!

का बरं एकत्र? एकट्याला दोनच डोळे. टोळीला कितीतरी! शिक्रा हा शिकारी पक्षी आला की कोणीतरी ओरडतंच. आणि डबे? सगळ्यांचे वेगवेगळे. शेंड्यावरचा किडा निखाराचा, सालीखालचा सुताराचा. तू आत्ता पक्षीघरात जे ठरवलंस, अगदी तेच!

या टोळीत एक काळा कुळकुळीत पक्षी असतो. डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला झुबके. हा भृंगराज. इतरांनी उडवलेले किडे टिपतो आणि बदल्यात पहारा देतो. पण टोळी जमलेलीच नसेल तर? श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि सरथ कोटगामा यांनी हे तपासलं. भृंगराज इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो आणि ती ऐकून ते पक्षी खरंच गोळा होतात. २००६ मध्ये त्यांनी हे लिहिलं. म्हणजे हा आपली टोळी आपणच बोलावतो, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत!

तो शिक्र्याचीही हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा तिलारीत शिक्रा ओरडला तर लगेच आकाशात शोधू नकोस. आधी जवळच्या फांद्या बघ. दोन काळे झुबके हलताना दिसले की समज, कोण बोलतंय ते!